पेठेत घडणारं गेमबुक: कागदाच्या तुकड्यांपासून ट्वाईनपर्यंत

गेमबुक म्हणजे क्रमांक घातलेल्या तुकड्यांची गोष्ट. वाचक एक तुकडा वाचतो, खाली दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडतो आणि तिथे लिहिलेल्या क्रमांकावर जातो. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर काही टोटल लागत नाही, लागूही नये. अमेरिकेत १९७९ साली एडवर्ड पॅकर्ड यांच्या पुस्तकाने मुलांसाठीची मोठी मालिका सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी फासे टाकत वाचायचं ४०० भागांचं पुस्तक काढलं. संगणकावर हा प्रकार त्याही आधीचा. विल क्राउदर या प्रोग्रामरने सत्तरच्या दशकाच्या मध्यात गुहेत फिरण्याचा खेळ लिहिला, त्यात पुढे काय करायचं ते टाइप करावं लागे. नंतर धंदा म्हणून हे बसलं, पण हौशी मंडळींनी सोडलं नाही. १९९३ साली ग्रॅहम नेल्सन यांनी असे खेळ लिहिण्यासाठी इन्फॉर्म ही मोफत भाषा दिली, १९९५ पासून आयएफकॉम्प ही अशा खेळांची वार्षिक स्पर्धा भरते आहे आणि २००९ साली ख्रिस क्लिमस यांनी ट्वाईन हे अशा गोष्टी बांधायचं सॉफ्टवेअर आणल्यावर प्रोग्रामिंग न येणारेही यात उतरले.

इंग्रजीखेरीज फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन, रशियन भाषांतही अशी हौशी मंडळी आहेत. मराठीत मैदान बरंचसं मोकळं आहे, म्हणून हा लेख. पुण्यात घडणारं, मराठीत लिहिलेलं तुमचं पहिलं गेमबुक कसं पूर्ण करायचं, तेवढंच इथे सांगायचं आहे. ‘पूर्ण’ या शब्दावर जोर आहे, कारण सुरू करणाऱ्यांची कमतरता कुठेच नसते. माझं माप सरळ आहे: ४० भाग, ३ शेवट आणि गोष्टीने लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. पहिल्या वेळी यापुढे जाऊ नका.

आधी गणित

नवखा माणूस काय करतो? प्रत्येक भागाला दोन पर्याय देतो, प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र गोष्ट करतो. असं सलग दहा वेळा केलं की १,०२४ शेवट होतात आणि एकूण भाग होतात २,०४७. भागाला ८० शब्द धरले तर लिहायचे १,६३,७६० शब्द. आणि वाचकाच्या वाट्याला एका खेपेला येतात ११ भाग, म्हणजे जेमतेम ८८० शब्द. एवढं लिहून समोरच्याला छोट्या कथेपेक्षाही कमी मिळणार असेल तर तो व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

म्हणून वाटा फुटल्या की त्या पुन्हा एकत्र आणायच्या. फाटा फोडा, दोन-तीन भाग वेगळे चालू द्या, मग सगळ्यांना एका भागावर आणा. या भागाला मी सांधा म्हणते. ४० भागांची वाटणी अशी करा: सुरुवातीचा १, पहिल्या टप्प्यात १०, मग एक सांधा, मधल्या टप्प्यात १६, दुसरा सांधा, शेवटच्या टप्प्यात ८ आणि शेवट ३. बेरीज बरोबर चाळीस येते.

सांध्यावर एक पथ्य पाळावं लागतं. कोणी मंडईतून आलं असेल, कोणी लकडी पुलावरून, पण सांध्याच्या भागात त्याचा उल्लेख करायचा नाही. ‘मंडईतल्या गर्दीतून सुटून तुम्ही इथे येता’ हे वाक्य सांध्यात टाकलंत की पुलावरून आलेला वाचक बुचकळ्यात पडतो. ते वाक्य मंडईच्या शेवटच्या भागातच संपवा.

जागा आणि घड्याळ

पुणे निवडायचं तर ते नुसतं पाटीवर नको, खेळाच्या नियमांत उतरलं पाहिजे. उदाहरणादाखल एक गोष्ट घेऊ. सदाशिव पेठेतला एक वाडा संध्याकाळी सहाला बिल्डरच्या ताब्यात जाणार आहे. त्याआधी वाड्यातल्या हौदाचा जुना नकाशा शोधायचा आहे. सुरुवात दुपारी बाराला.

आता घड्याळ कागदावर आणा. बारा चौकोनांची एक पट्टी आखा, एक चौकोन म्हणजे अर्धा तास. काही भागांच्या शेवटी ‘एक चौकोन खोडा’ असं लिहा. दुकानं एक ते चार बंद हा विनोद सगळ्यांनी इतका वापरला आहे की त्याच्यावर हसूही येत नाही. पण खेळात तो विनोद राहत नाही, कुलूप होतो: तिसऱ्या चौकोनापासून आठव्या चौकोनापर्यंत कुलूपवाल्याचं दुकान बंद. जो वाचक बाराला सुटून आधी गप्पा मारत बसला त्याला चारपर्यंत दुसरी वाट शोधावी लागणार. वाचकाने केलेल्या निवडीला किंमत आली ती इथे.

हौदाचं म्हणाल तर खऱ्या इतिहासात भरपूर माल पडला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं गेलं. वाटेत पेठांमध्ये हौद होते आणि या भूमिगत नळावर मधूनमधून हवा जायला उच्छ्वास ठेवले होते. पुण्यात खोदकामात काही पोकळ लागलं की ‘भुयार सापडलं’ अशी बोंब होते. स्वारगेटला मेट्रोच्या कामात २०१९ साली असंच झालं. गेमबुकात हा गैरसमज कामाला येतो. एक पात्र भुयारावर पैज लावायला तयार, दुसरं म्हणतं हा नळ आहे. वाचकाने कोणावर विश्वास ठेवला यावर शेवट बदलू द्या.

दोन गोष्टी मात्र टाळा. एखाद्या खऱ्या वाड्याचं किंवा चालू दुकानाचं नाव घेऊन तिथे चोरी, भांडण, भूत घालू नका. चौक, रस्ते, देवळं खरी ठेवा, माणसं आणि मालक कल्पनेतले. आणि ज्या गल्लीत घडवणार आहात तिथे एकदा पायी जाऊन या, वही घेऊन. कुठला जिना रस्त्यावर उतरतो, कुठून दुसऱ्या गल्लीत निघता येतं, कुठे दुचाक्या लागतात म्हणून माणूस आडवा चालतो, हे घरबसल्या सुचत नाही.

नकाशा कागदावर

संगणक उघडण्याआधी ए-फोर कागदाचे आठ-आठ तुकडे करा. एका तुकड्यावर एक भाग. आत्ता मजकूर लिहायचा नाही, फक्त एक ओळ: ‘मंडई, काकू थांबवतात’, ‘कुलूपवाला, दुकान बंद’. खाली पर्याय, तेही दोन-तीन शब्दांत. फरशीवर मांडा, पेन्सिलीने किंवा दोऱ्याने जोडा. मांडून झालं की वरून बघा. एकाच तुकड्यावरून पाच वाटा निघत असतील तर वाचक तिथे गोंधळेल. सलग चार तुकडे एकाच वाटेने जात असतील तर तो साधी कथा वाचतोय, त्याला मध्ये कुठेतरी हात घालू द्या.

क्रमांक सगळ्यात शेवटी द्या. १ हा सुरुवातीला ठेवा, बाकी तुकडे पत्त्यांसारखे पिसा आणि आलेल्या क्रमाने २ ते ४० घाला. मग बघा: एकमेकांना जोडलेले दोन भाग शेजारी आले असतील तर अदलाबदल करा, नाहीतर डोळा सहज पुढच्या भागावर जातो. मोठ्या मालिकांत जिंकण्याचा भाग बहुधा शेवटचा क्रमांक असे, त्यामुळे पोरं आधी तिथेच डोकावत. तुमचा यशाचा शेवट २३ वर असू द्या.

‘तुम्ही’ आणि लिंगाचा गुंता

मराठीत लिहिणाऱ्याला ही खास अडचण येते. गेमबुकात वाचकालाच उद्देशून लिहायचं असतं आणि मराठी क्रियापद लगेच विचारतं, बाई की पुरुष? ‘तू थांबलास’ म्हटलं की अर्धे वाचक बाहेर. वर्तमानकाळात पळालात तरी ‘थांबतोस’ आणि ‘थांबतेस’ आहेतच. सोपा उतारा म्हणजे ‘तुम्ही’. ‘तुम्ही थांबता’, ‘तुम्ही थांबलात’, दोन्ही सगळ्यांना चालतात. सकर्मक क्रियापद असेल तर भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘तू दार उघडलंस’ हेही निभावतं. भविष्यकाळातलं ‘तू जाशील’ सुद्धा.

फसायला होतं ते विशेषणांत. ‘तुम्ही दमलेले आहात’ पुरुषी झालं. ‘तुम्हाला दमल्यासारखं वाटतं’ करा. ‘तुम्ही एकटेच उरता’ ऐवजी ‘आता सोबत कोणी नाही’. आणि संवाद! पर्यायात ‘मी कागद बघायला आलोय’ लिहिलंत तर पुन्हा तेच. ‘मला जुने कागद बघायचे होते’ असं म्हणवून घ्या. पर्यायाच्या ओळी आज्ञार्थात ठेवल्या की प्रश्नच मिटतो: जिना चढा, काकूंना विचारा, पावती दाखवा.

इतर पात्रं वाचकाशी कशी बोलतील हे मात्र मोकळं सोडा. गॅलरीतले आजोबा अनोळखी माणसाला ‘काय पाहिजे आपल्याला?’ म्हणतील. त्या ‘आपल्याला’मध्ये आदर किती आणि टोमणा किती, ते पुढच्या भागात कळू द्या.

एक भाग जवळून

कच्चा मसुदा साधारण असा उतरतो:

‘तू दमून वाड्याच्या दारात उभा राहिलास. आत अंधार होता. तुला भीती वाटली. डावीकडे जायचं असेल तर १२ वर जा, उजवीकडे जायचं असेल तर १९ वर जा.’

यात लिंग अडकलं, वाचकाच्या वतीने आपणच घाबरून मोकळे झालो आणि निवड आंधळी आहे. डावीकडे काय, उजवीकडे काय, काहीच माहीत नाही, म्हणजे नाणेफेक. तोच भाग पुन्हा लिहू:

‘दिंडी दरवाजा अर्धवट उघडा आहे. आत चौक, मधोमध हौद, हौदात पाण्याऐवजी वाळूची पोती. डावीकडच्या जिन्याची तिसरी पायरी निखळली आहे आणि वरून कुकरची शिट्टी ऐकू येते. उजवीकडच्या खोलीला नवंकोरं कुलूप लावलंय, पण कोयंडा जुना, गंजलेला. जिना चढायचा असेल तर १२ वर जा. कोयंड्याला हात घालायचा असेल तर १९ वर जा. दाराशी थांबून कानोसा घ्यायचा असेल तर एक चौकोन खोडा आणि २७ वर जा.’

आता प्रत्येक पर्यायामागे काहीतरी दिसतं. वर माणसं आहेत, म्हणजे मदतही होईल आणि प्रश्नही विचारले जातील. कोयंडा निघेल, पण आवाज होईल. थांबलं तर वेळ जाईल. वाचकाला निकाल माहीत नसावा, पण निकालाचा अंदाज बांधता आला पाहिजे. शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. नुसते पाच दरवाजे दाखवून ‘निवडा’ म्हणणं ही सोडत झाली. दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे आधी दाखवा, गस्तवाला कुठून फिरतो ते कोणाच्या तरी तोंडून ऐकवा, मग निवडायला सांगा.

मृत्यू किंवा अकाली शेवट यालाही हाच नियम. पूर्वसूचना न देता जिना कोसळवला तर वाचक तुमच्यावर चिडतो आणि बरोबर चिडतो. पायरी निखळली आहे हे सांगून झाल्यावर तो धावत चढला तर तक्रार करत नाही.

भागाची लांबी ६० ते १२० शब्द. वर्णन आवरतं घ्या. वाचकाची नजर खालच्या पर्यायांकडे धावतच असते.

आठवण ठेवणं

कागदाला स्मरणशक्ती नसते, ती वाचकाच्या वहीत ठेवावी लागते. त्यासाठी दोन युक्त्या पुरतात. पहिली, खुणेचा शब्द. काकूंना सामान उचलायला मदत केली की ‘पितळ हा शब्द लिहून ठेवा’. पुढे सांध्यानंतर कुठेतरी: ‘तुमच्याकडे पितळ असेल तर ३४ वर जा’. शब्दाचा प्रसंगाशी उघड संबंध नको. ‘मदत’ असा शब्द दिलात तर न मिळालेल्या वाचकालाही कळतं की आपण काय हुकवलं.

दुसरी युक्ती जास्त मजेची, कारण तिच्यात फसवता येत नाही. वस्तूला अंक द्यायचा. चावीवर १४ कोरलेला आहे. सुरुवातीच्या नियमांत सांगून ठेवा: कुठेही कुलूप दिसलं आणि चावी जवळ असली तर त्या भागाच्या क्रमांकात चावीचा अंक मिळवा आणि तिथे जा. दुसऱ्या सांध्यानंतर ८ व्या भागात कुलूपबंद पेटी, तर २२ वा भाग पेटी उघडण्याचा. ८ मध्ये २२ चा उल्लेखच नाही, त्यामुळे चावी नसलेल्याला तो दरवाजा दिसतच नाही. कुलूप कुठेकुठे येतं ते मात्र आधी मोजून घ्या. आमच्या उदाहरणात १९ व्या भागातल्या खोलीलाही कुलूप आहे, म्हणजे चावी त्याआधी हाती लागू शकत असेल तर ३३ वरही काहीतरी लिहावं लागेल, निदान ‘चावी बसत नाही’ एवढं तरी.

अशा दोनच आठवणी ठेवा. पाच ठेवल्या तर वाचक हिशेबनीस होतो.

फासे

पहिल्या पुस्तकात नको, असं माझं मत. तरी हवेच असतील तर आकडे समजून घ्या. दोन फाशांची बेरीज ७ किंवा कमी येण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे सुमारे ५८ टक्के. ८ पर्यंत धरलं तर ७२ टक्के, ९ पर्यंत ८३. ‘७ किंवा कमी आलं तर पुढे’ अशी चाचणी सलग तीनदा ठेवलीत तर पाचांतला एकच वाचक पार होतो. लेखक म्हणून एवढं लिहिलेलं चार जणांनी न बघणं परवडतं का, ते ठरवा.

ट्वाईनमध्ये उतरवताना

कागदी आराखडा पक्का झाला की ट्वाईन. मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, उतरवूनही घेता येतं. एक चौकट म्हणजे एक भाग, आणि दुवा असा लिहायचा: [[जिना चढा->जिना]]. डावीकडे वाचकाला दिसणारा मजकूर, बाणाच्या पुढे चौकटीचं नाव. चौकटींची नावं देवनागरीत चालतात. आठवण ठेवण्यासाठी जे व्हेरिएबल, म्हणजे माहिती साठवायचे कप्पे, करावे लागतात त्यांची नावं मात्र रोमन लिपीत ठेवलेली बरी. सुरुवात हार्लो या साच्याने करा, तो आधीपासून निवडलेलाच असतो. शुगरक्यूब या दुसऱ्या साच्यात खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय तयार मिळते, गोष्ट लांबली की तिकडे वळा. ज्यांना चौकटींपेक्षा सलग लिहायला आवडतं त्यांनी इंक ही मोफत भाषा बघावी. टाइप करून खेळायचे खेळ मराठीत करणं अवघड आहे: ‘दिवा’ ओळखणाऱ्या यंत्राला ‘दिव्याने’, ‘दिव्याला’, ‘दिव्यातलं’ हे सगळं शिकवावं लागतं. तो उद्योग दुसऱ्या कोणी उत्साही माणसाने करावा.

देवनागरीसाठी तीन सूचना. फाँट मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत शिरतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. एकेक अक्षर उमटत जाण्याची करामतही नको, त्यात काना-मात्रा मागाहून येऊन बसतात.

आणि साठवणीचं. ब्राउझरमधलं ट्वाईन तुमचं लिखाण त्या ब्राउझरमध्येच ठेवतं. कोणीतरी हिस्ट्री साफ करताना साइटचा डेटाही पुसला की गोष्ट गेली. सफारीत तर आठवडाभर वापर झाला नाही तरी जाऊ शकते. रोज काम संपवून उठताना संग्रहाची फाइल उतरवून घ्या किंवा सरळ संगणकावर बसणारी आवृत्ती वापरा.

तपासणी

एका कागदावर तीन रकाने करा: भाग, कुठून येतो, कुठे जातो. १ सोडून एकाही भागाचा दुसरा रकाना रिकामा नको आणि तीन शेवट सोडून एकाचाही तिसरा रकाना रिकामा नको. निम्म्या चुका इथेच सापडतात.

उरलेल्या चुका माणसांकडून. तीन-चार जणांना, त्यातल्या एकाने तरी कधी गेमबुक हातात धरलेलं नसावं, तुमच्यासमोर वाचायला बसवा. तुम्ही तोंड उघडायचं नाही. ‘अरे तिथे नको ना’ असं म्हणावंसं वाटलं तरी नाही. वाचक मागच्या पानात बोट घालून ठेवतो का बघा. एखाददुसऱ्या ठिकाणी घातलं तर चांगलंच, धाकधूक आहे असा अर्थ. पण प्रत्येक पानावर घालत असेल तर तुमच्या निवडींवर त्याचा भरवसा नाही. चार-पाच जण एकत्र जमत असतील तर एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी हात वर करून ठरवावं. ज्या फाट्यावर सगळे एकमताने हात वर करतात तो फाटा नाहीच, तो काढून टाका. जिथे भांडण होतं तिथे हात लावू नका.

लोकांपुढे ठेवताना

ट्वाईनमधून प्रकाशित केलेली गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये येते. ती इच.आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर मोफत चढवता येते. ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ ही खूण करायला विसरू नका. पहिल्या पडद्यावर किती वेळ लागेल, काही हिंसक किंवा त्रासदायक आहे का, आणि तपासून देणाऱ्यांची नावं त्यांना विचारून द्या. या मंडळींत तो रिवाज आहे. आयएफडीबी या अशा खेळांच्या ऑनलाइन सूचीत नोंद करा. आणि आपलं टाकण्याआधी इतरांचे दहा-बारा खेळ खेळून त्यांच्यावर चार ओळी लिहा, फुकट लिहिणाऱ्याला वाचक मिळाला की तोही तुमचं उघडून बघतो. आयएफकॉम्पमध्ये आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं काम लागतं आणि परीक्षक पहिल्या दोन तासांच्या खेळावर गुण देतात. तिकडचे परीक्षक बहुतेक इंग्रजी वाचणारे, तेव्हा मराठी गोष्टीसाठी मराठी वाचकच गाठा.

कागदी प्रत काढायची असेल तर ४० भागांचे साडेतीन-चार हजार शब्द ए-फाइव्ह आकारात साधारण २८ पानांत बसतात, म्हणजे ए-फोरचे सात कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडायचे. प्रिंट करताना बुकलेट हा पर्याय निवडा. पानांची संख्या चारच्या पटीत यायला हवी, कमी पडली तर शेवटी बारा चौकोनांची पट्टी आणि खुणेच्या शब्दांसाठी रिकामी जागा छापा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास झेरॉक्सवाले दुमडून मधोमध पिनाही मारून देतात. एक भाग दोन पानांवर तुटू देऊ नका. पर्याय पलटून बघावे लागले की वाचक क्रमांक विसरतो.